गाळलेला चार

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक बहीणभाऊ बसले होते. समोरच्या टीव्हीवर एका बँडचा कार्यक्रम लागला, तसं भावाचं तोंड वाकडं झालं.

“ताई, आवाज कमी करायला सांग ना त्यांना.”

“तुला कमी ऐकू येतं म्हणून आलोय ना आपण?”

“हे बरोबर ऐकू येतं.”

“तुझाच बँड होता. जरा कौतुकानं बघ की.”

“मी ड्रम वाजवायचो तेव्हा ऐकायला चार माणसं. त्यातली एक तू. मी सोडला आणि यांचं नशीब फळफळलं!”

“यांचं काही व्हायचं नाही, असं तूच म्हणाला होतास.”

“म्हणालो बाई. पाटीवर लिहून गळ्यात अडकव माझ्या.”

“कुठल्या म्युझिक कंपनीच्या दारात गेले नाहीत हं. घरीच गाणी रेकॉर्ड केली. आणि हा नवा ड्रमवाला किती गोड आहे!”

“गोड! सुरुवात ऐकलीस त्याची? एक, दोन, तीन मोजतो आणि चार न म्हणताच सुटतो.”

“हो, आणि सगळं पब्लिक त्याच्याबरोबर मोजतंय. मजा येते.”

“अगं, ती माझी चूक आहे! पहिल्या रेकॉर्डिंगला घाबरून माझा चार राहिला. यांनी ते तसंच ठेवलं.”

“मग झालं तर. तुझी आठवण म्हणून करतो तो.”

“डोंबल! नीट करतो का पण? ओठ बघ त्याचे. चार मनातल्या मनात म्हणतोय लेकाचा.”

“म्हणू दे की. तुला काय त्याचं?”

“मी खरंच विसरलो होतो, ताई.”