ताडपत्रीखालची ओल

राजवाड्याजवळच्या ताडपत्रीच्या दुकानात मैत्री स्कूटीचं कव्हर घ्यायला उभी होती. पुढे एक म्हातारे गृहस्थ दुकानदाराशी बोलत होते.

"भिया, झाकलेल्या नावेत बुरशी धरतेय."

"कचरूकाका, ताडपत्री नावेला टेकवू नका. मध्ये बांबू आडवा लावा, हवा खेळू द्या."

"लावला. ओल शोषायला चुनापण ठेवला. बाकी नाव सूखी झाली, पण मागची बाजू ओलीच."

"गळत असेल."

"नाही. तिथे गया बसायची."

"काकी? त्या तर तलावात..."

"हो, बुडाली. मी रोज पुसतो, सकाळी पुन्हा ओल. आणि ती रोज एकेक फळी पुढे सरकतेय."

मैत्री न राहवून मध्येच बोलली.

"काका, विकून टाका ना ती नाव!"

"विकू? आता कुठे माझ्या बसायच्या जागेपर्यंत एकच फळी उरलीय."