खांबाजवळची जागा

मंडळी, आयाबायांनो, अन माह्या तालमीतल्या पोट्टेहो,

मले बोलाचं नव्हतं. तालमीतल्या मानसाले दंड काढ म्हना, जोर मार म्हना; असं उभं राहून बोलनं आपल्याले जमत नाही. पन शेठजीच्या मोठ्या भावानं हात धरला, म्हनून उठलो. आठ दिवस झाले पन्नाशेठले जाऊन. समोर दुकानाच्या फळ्या लावेल आहेत, तरी मी येता-जाता आत डोकावतोच. काय करू? सवय जात नाही.

पन्नाशेठ कापड इकत, हे बाहेरगावच्यायले माहीत. ते योग शिकवत, हे आपल्याले माहीत. अन मीबी तालमीत योग शिकवतो, अन आमचं दोघाचं पटत नव्हतं, हे साऱ्या शेलूबाजाराले माहीत. कायले लपवू?

माहं म्हननं एकच. पद्मासन! आधी मांडी घाल, ताठ बस, मंग पुढचं बोल. ज्याले पद्मासन जमत नाही त्यानं योगाचं नाव घेऊ नये. शेठजी हसत. म्हनत, "वस्ताद, एकाच मापाची बंडी मी साऱ्या गावाले इकली तं लोक मले झोडपतीन."

त्यायच्याकडं कोनी शिकाले गेलं, तं लगेच शिकवत नसत. म्हनत, "येत्या पंगतीत भेटू." या मारुतीच्या मंडपात पंगत बसली की शेठजी वरनाची बादली घेऊन हजर. लोकायले वाटे, मानसाले वाढाची हौस आहे. हौस कायची बाप्पा! तो मानूस पाहे. कोन कसा बसला, कोनाले वाकताना दम लागते, कोनाचं चित्त ठिकान्यावर नाही. मंग सांगे. कोंडबाले दमा, त्याले नुसता प्राणायाम, तोबी हळूहळू. गंगाबाईचा लेक गेला, तिचं मन कुठीच लागेना. तिले नामस्मरण, जातं फिरवता फिरवता. ज्याचे टोंगळे वाकत नाहीत, मांडी पडत नाही, त्याले त्यायच्या जैनायचं उभ्यानं ध्यान. मी तालमीत खदखदा हसो. म्हनो, "उभ्यानं तं घोडंबी झोपते!"

आता खरं बोलतो. महादू, मांगं बसला ना तू? ऐक.

हा महादू जिनिंगात कापसाचे बोरे वाहते. तीन सालापहिले मी याले तालमीतून हाकललं. मांडी घालताना याचा टोंगळा ठनके. मी साऱ्यायपुढं म्हनलो, "आंगचोर आहे तू. चाल, निंघ." तो खाली मान घालून गेला, तो शेठजीकडंच. अन पोट्टेहो, तवा माहेच टोंगळे गेले होते. दोन्ही. तुमच्यापुढं मी पद्मासनात बसो, अन घरी गेलो की कारभारीन एरंडाच्या पानानं शेके. तिच्याबिगर कोनाले माहीत नव्हतं, असं मले वाटे.

पंगतीत तं जीव जाये. शेवटचा म्हातारा जेवून उठेपर्यंत कोनी उठाचं नाही, आपली रीतच आहे. पन दर पंगतीत शेठजी हाक मारत, "वस्ताद, तुमची जागा खांबाजवळ." तोच खांब, पाहा. मी छाती फुगवून जाओ. वाटे, मान देऊन राह्यले शेठजी. खांबाआड एक पाय लांब केला तं कोनाले दिसत नसे. दोन सालं मी त्याले मान समजलो, मंडळी! मंग एक दिवस वरन वाढता वाढता वाकले, अन कानाशी बोलले, "वस्ताद, दुसराबी पाय सोडा. मी इथीच उभा राहतो."

मी दुसराबी पाय सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या मांगच्या दारानं गेलो. कापडाच्या गठ्ठ्यावर बसवून मले श्वास शिकवला. वर्षभर गेलो. म्हनलो, "शेठजी, कोनाले सांगू नका." ते म्हनाले, "मी नाही सांगत. पन महादूले तुमी सांगा. त्याले अजून वाटते, आपन आंगचोर आहो." म्हनलो, होळी झाली की सांगतो. मंग म्हनलो, पेरनी झाली की सांगतो. आजारी पडले, भेटाले गेलो, तं पहिलं हेच इचारलं, "सांगितलं?" मी म्हनलो, "सांगतो ना शेठजी, घाई काय आहे?"

आता ते इचारनार नाहीत.

महादू, बाबू, तू आंगचोर नव्हता. आंगचोर मी होतो. चुकलो मी. ये, पुढं ये.

आता शेठजीसाठी दोन मिनिटं शांत राहू. माह्याकडं पाहून कोनी मांडी घालू नका. ज्याले जसं झेपते तसं. कोंडबा, भिंतीले टेक. गंगाबाई, पाय लांब करा, लाजू नका. महादू, तू उभा राह्य, त्यायनं शिकवलं तसा.

शेठजी, जय जिनेंद्र.

अन कोनी मले ते स्टूल द्या रे. खांबाआड नको. इथी, मधात ठेवा.