अण्णांच्या थापा

जुन्या कॅसेटी साफ करून देणाऱ्या दुकानात शिक्षिकाबाई नवऱ्याच्या आवाजाची कॅसेट आणि भरलेला फॉर्म घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढे बहीण-भाऊ होते; दुकानदार त्यांना वडिलांची टेप ऐकवत होता.

"तीन सॉफ्टवेअर लावून बघितली. पहिल्यानं नुसती खरखर गेली. हे तिसरं ऐका, मागची खडखडसुद्धा गेली."

"वा! ताई, अण्णा अगदी समोर बसून बोलतायत."

"आणि आईचं शिलाई मशीन?"

"तीच तर खडखड, बाई."

"अहो, अण्णांनी थाप मारली की ते मशीन थांबायचं!"

"खरंच की! पुराच्या गोष्टीत तर दोनदा थांबतं."

"टेपवर आई आणखी कुठे आहे रे?"

"कुठेच नाही."

"मग पहिलंच द्या, दादा. अण्णांना एकटं सोडलं तर काय वाटेल ते सांगत सुटतील."

शिक्षिकाबाईंनी आपल्या फॉर्मवरचं 'पूर्ण सफाई' हळूच खोडलं.