किल्ल्याच्या बागेतला कात्रीवाला

ऐका. जरा जवळ सरका. आणि बाबल्या, ती विडी विझव. भुताला धूर चालतो, मला नाही चालत.

माझा मामा, भिकाजी तारी, बोटीवर स्वयंपाकी. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हा नवसाचा. उजव्या कानात भिकबाळी. एकाच कानात हो!

तर बोट लागली स्कॉटलंडला. पहाटेच्या भरतीला सुटणार. आणि मामा रात्री गावात गेला कांदे आणायला! झाला उशीर. बोट चुकली तर परमुलखात कोण विचारतो? जवळची वाट एका जुन्या किल्ल्याच्या बागेतून. कांदेवाली म्हातारी म्हणाली, "नको रे बाबा, तिथला मेलेला माळी अजून झाडं कापतो."

मामा म्हणतो, "आमच्या पिंपळार हेच्यापेक्षा जुनी भुतां आसत!"

अतिशहाणा! शिरला आत. बाग तरी कशी? डावीकडे गोल झुडूप, तर उजवीकडे तस्संच गोल झुडूप. इकडे कारंजं, तिकडे कारंजं. झाडं कापून केलेले मोर, तेही दोन. एक पान कमीजास्त नाही! आणि मागून आवाज... कच्! कच्!

मामा थांबला. आवाज थांबला. मामा चालला. कच्! पिशवीचा बंद तुटला, कांदे गडगडले. का? पिशवी एकाच खांद्यावर होती! पुन्हा कच्! डावी मिशी जरा लांब होती म्हणे. गेली!

मामा वळला. समोर तो! हातात ही एवढी कात्री, खाली पाय नाहीत. मामाचे कान बघतोय. डावा. उजवा. डावा. उजवा. एका कानात बाळी, दुसरा रिकामा! कात्री उघडली...

मामाची पाचावर धारण बसली. पण दर्याला द्यायचा नारळ आपला खलाशी जवळ बाळगतोच. तो काढला आणि घातलं गाऱ्हाणं, "बा देवा महाराजा! हयसर जो कोण राखणदार आसशीत, तुका ह्यो नारळ! माजो कान राख, माका बोटीर पोचव, रे महाराजा!"

'व्हय महाराजा' म्हणायला तिथं कोण? तेही स्वतःच ओरडला!

नारळ दगडावर आपटला. फुटला, पण कसा? एक भकल मोठी, एक बारकी! मामा म्हणाला, संपलं, देवानंही पाठ फिरवली.

भुतानं भकलांकडे बघितलं. कान विसरलं. खाली बसलं. मोठीला कच्! ती झाली जास्तच लहान. मग दुसरीला कच्! आता ही लहान. पुन्हा पहिलीला कच्!

मामाला पळता भुई थोडी झाली. दोर सुटता सुटता बोटीत उडी! कांद्यांसाठी कप्तानाच्या शिव्या खाल्ल्या, पण दोन्ही कानांनी खाल्ल्या.

हसा, हसा. दत्तूची रश्मी तिकडं शिकायला चाललीय, म्हणून सांगतो. ऐक गं पोरी. कितीही उशीर होऊ दे, त्या बागेतून जाऊ नकोस. चाळीस वर्षं तो बसून तासतोय. एक नारळ तो केवढा? सरत आला असेल.