शेवटचं मोठं दार

आयोवातल्या हायवेवरचा थांबा, बायकांच्या टॉयलेटची रांग. माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बहिणी, आर्डिस आणि व्हर्ना.

“आर्डिस, नंबर तुझाच आहे. ते व्हीलचेअरवाल्यांचं मोठं रिकामंय, जा.”

“ते अपंगांसाठी आहे, व्हर्ना. मी चांगली धडधाकट आहे.”

“मग मार्चमध्ये बाथटबात कोण आपटलं?”

“साबण निसरडा होता.”

“मागे बघ. रांगेत एक तरी व्हीलचेअर दिसतेय?”

“मी आत असताना आली तर? कुठल्या तोंडाने बाहेर येऊ?”

“पटकन आटप. आत बसून शब्दकोडं सोडवू नकोस म्हणजे झालं.”

“मी थांबते. दुसरं होईल रिकामं.”

“थांब की. पण मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतेयस कशाला?”

“बरं, जाते! तू दाराशी उभी राहा. व्हीलचेअर आलीच, तर ठोठाव.”

“राहते गं बाई, जा.”

आर्डिस आत गेली. थोड्या वेळाने आतून हाक आली.

“व्हर्ना!”

“काय झालं? पडलीस?”

“नाही गं. इथे भिंतीला दांडी आहे. धरली आणि एका दमात उठले.”

“बरं मग?”

“तू नाताळात बाथटबाजवळ लावायला दिलेली अशीच दांडी अजून खोक्यातच आहे. रविवारी ड्रिल घेऊन ये.”