वेणीचा फोटो

अगं, आमच्या ईश्वरीची नेमबाजीची पहिलीच स्पर्धा होती. तिचे पप्पा ट्रक घेऊन बाहेरगावी गेलेले. "तिचा चेहरा दिसेल असा फोटो पाठव," म्हणाले. मी फ्लॅश बंद करून बघणाऱ्यांसाठी आखलेल्या लाल पट्टीच्या मागं उभी राहिले, तर फोटोत नुसती वेणी! तिच्या नेमबाजीच्या सरांना हळूच विचारलं, "अहो सर, जरा पुढनं काढू का?"

"काढा की. फक्त पुढं छर्रे येतात, ताई."

मी आपली पट्टीमागंच थांबले. सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्यावर सरांनीच हाक मारली, "या आता, मोबाईल द्या इकडं." त्यांनी आम्हा दोघींचा समोरून फोटो काढला.

पप्पांचा लगेच फोन आला, "पोरगी छान हसतीये. तू कुठं बघतेस?"

"अहो, रायफलीकडं! सुटली असती तर?"