शनिवारचं औषध

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दवाखाना का बंद पडला, ते ती थोरलीला सांगत होती.

"अगं, पण नुसत्या पाण्यानं एवढं होतं?"

"खुर्चीच्या नळ्यांत पाणी साचून राहतं, ताई. आतून बुळबुळीत थर धरतो, जंतू वाढतात. म्हणून दर शनिवारी औषध भरून नळ्या धुवायच्या. ते काम माझं."

"मग?"

"पाणी दिसायला स्वच्छच होतं गं. आज करू, उद्या करू म्हणत दोन महिने गेले. वहीत सही मात्र दर शनिवारी केली."

"आणि जिला त्रास झाला ती पोरगी?"

"सात वर्षांची. दाढेचं काम करून गेली नि पुढे जबडा सुजला. दोन पक्के दात उगवायच्या आधीच काढावे लागले."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तपासणीवाल्यांना म्हणाले, आमच्या बाई कधी चुकत नाहीत. औषधच कमी पडलं असणार; ते मी निवडलं, चूक माझीच, असं."

"आणि तू?"

"मिठाची गुळणी धरून उभी राहिले. वर त्यांनीच मला नव्या नोकरीसाठी चिठ्ठी दिली. डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी बाई, असं लिहिलंय."

बस आली.

"चल, मुलाखतीला उशीर होईल."

"तू जा, ताई. मी डॉक्टरांकडे जाते."

"आता सांगून दवाखाना उघडणार आहे का?"

"नाही गं. पण ते अजून त्या पोरीच्या घरी जाऊन माफी मागतात."